नोंदीत न मावलेली माणसे

महाबळेश्वर पाहून आलेल्या माणसाला तिथली ठिकाणं विचारा. तो भराभर नावं सांगेल : आर्थर सीट, एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, बॉम्बे पॉइंट. ही साहेबी नावं कशी पडली हे कोणाला फारसं समजावून द्यावं लागत नाही. पण याच यादीत एक नाव असं आहे की चौकस पोर तिथं हमखास अडतं. गावाच्या दक्षिणेला, कोयनेच्या खोऱ्याच्या अंगाला, पावसाळ्यात एक धबधबा कोसळतो. त्याचं नाव चायनामन धबधबा. पोर विचारतं, "गुरुजी, आपल्या साताऱ्याच्या डोंगरात चिनी माणूस कुठून आला?"

प्रश्न लहान आहे, पण त्याचं उत्तर शोधू लागलं की माणसांच्या ये-जा करण्याचा एक मोठा इतिहास हाती लागतो. माणसं गाव का सोडतात, कोण त्यांना सोडायला लावतं, आणि जिथं ती पोचतात तिथं त्यांना काय नाव मिळतं, हा आज जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासाचा विषय झाला आहे. त्या अभ्यासाची एक वाट आपल्या महाबळेश्वरावरून जाते. त्या वाटेनं आज आपण थोडं चालू या.

आधी डोंगराची हकीकत. महाबळेश्वराचं क्षेत्र फार जुनं. कृष्णेचा उगम तिथला, पंचगंगेचं देऊळ तिथलं. पण हवा खाण्याचं ठिकाण म्हणून त्याची कीर्ती झाली ती इंग्रजी अमलात. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी या पठारावर चढून आला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मालकम याला ही जागा पसंत पडली. त्या वेळी हा मुलूख साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा होता. १८२९ साली करार झाला. महाराजांनी हा डोंगर कंपनी सरकारला दिला, आणि त्याच्या बदल्यात त्यांना वाईकडचं खंडाळा हे गाव मिळालं. लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे बरं का! डोंगरावर जी नवी वस्ती झाली तिला मालकमपेठ असं नाव पडलं.

वस्ती म्हटली की रस्ते आले, बंगले आले, बागा आल्या. दाट जंगल, वर्षाचे चार महिने कोसळणारा पाऊस आणि तांबडी निसरडी माती. अशा ठिकाणी रस्ते करायचे तर हात हवेत, आणि तेही स्वस्त हवेत. कंपनी सरकारजवळ अशा हातांचा एक साठा होता. तो साठा म्हणजे कैदी.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण अंदमानची कैद्यांची वसाहत सुरू झाली १८५८ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून हिंदुस्थानातले कैदी समुद्रापार धाडले जात होते : सुमात्रा बेटावरच्या बेंकूलनला, पेनांगला, मॉरिशसला आणि १८२५ पासून सिंगापूरला. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हे मोठं देवालय हिंदी कैद्यांच्या मजुरीतून उभं राहिलं. तिथले कित्येक रस्तेही आपल्याच माणसांनी खणले.

आता याची दुसरी बाजू पाहा. पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर ही तीन ठाणी मिळून १८२६ साली 'स्ट्रेट्स सेटलमेंट्स' नावाचा एक प्रांत झाला होता, आणि १८६७ पर्यंत त्याचा कारभार हिंदुस्थानातूनच चालत होता. तिथं पोट भरायला आलेल्या चिनी लोकांची मोठी वस्ती होती, मलायी तर तिथलेच. त्यांच्यापैकी कोणाला जन्मठेप झाली तर त्याला पाठवायचं कुठं? सिंगापूर हे हिंदी माणसाला काळं पाणी, पण तिथल्या रहिवाशाला ते घरच. तेव्हा त्याला समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आणलं जाई. एका किनाऱ्याचं घर ते दुसऱ्या किनाऱ्याचं काळं पाणी! साहेबाच्या हिशेबात हा साधा सोयीचा बदला होता. इकडचा कैदी तिकडे गेला, तिकडचा इकडे आला. दोघांनीही परक्या मुलखात रस्ते खणले.

अशा रीतीनं चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरी आले. त्यांच्यासाठी १२० माणसं मावतील एवढा तुरुंग बांधला होता. वसाहतीतले बरेचसे रस्ते त्यांच्या हातचे. पण त्यांचं काम रस्त्यांवरच थांबलं नाही. त्यांनी बागा केल्या. बटाटा आणि विलायती भाज्या त्यांनी तिथं पिकवल्या, आरारूट तयार केलं, वेताच्या टोपल्या विणल्या. त्यांच्या बागा ज्या ओढ्याच्या माथ्यावर होत्या, त्या ओढ्याच्या धबधब्याला लोक चायनामन म्हणू लागले. पोराच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

पण हे उत्तर मिळालं की त्याच्या पोटातून दुसरा प्रश्न निघतो. ही माणसं होती कोण? त्यांची नावं काय? गाव कोणतं, गुन्हा कोणता, मागे घरी कोण होतं? सह्याद्रीचा पहिला पाऊस पाहून त्यांना काय वाटलं असेल? इथं कागद मुके होतात. 'चिनी व मलायी कैदी, १२०' एवढंच ते बोलतात. रस्ता किती मैल झाला ते लिहायचं, कैद्यावर खर्च किती झाला तेही लिहायचं, पण कैदी काय म्हणाला हे लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही.

याच डोंगराशी संबंध असलेल्या दुसऱ्या एका हद्दपाराची गोष्ट ताडून पाहा. ज्या प्रतापसिंह महाराजांनी हा डोंगर दिला, त्यांनाच १८३९ साली इंग्रजांनी गादीवरून दूर केलं आणि काशीला पाठवलं. १८४७ साली तिकडेच त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथं राहून झगडले. अर्ज झाले, भाषणं झाली, कागदांचे ढीग झाले. आज अभ्यासकाला महाराजांच्या हद्दपारीचा इतिहास तपशिलानं लिहिता येतो. त्यांच्या डोंगरावर आणलेल्या चिनी माणसाचा येत नाही. हद्दपारी दोघांच्याही वाट्याला आली, पण एकाला वकील होता आणि दुसऱ्याला फक्त बिल्ला होता. इतिहासात कोण दिसतो आणि कोण दिसत नाही, हे पुष्कळदा असं ठरतं.

आता १८६४ साल ध्यानात धरा. त्या साली महाबळेश्वरचा हा तुरुंग बंद झाला. कैद्यांना सुटकेच्या आधी 'टिकिट ऑफ लीव्ह' देण्याची तेव्हा पद्धत होती. ती एक सवलतीची चिठ्ठी असे. ती हाती आली की माणूस तुरुंगाबाहेर राहून कमवून खाऊ शकत असे, पण पुरता मोकळाही होत नसे. अशांपैकी काही माणसं मायदेशी न जाता डोंगरावरच राहिली.

आणि योगायोग असा की त्याच १८६४ साली हिंदुस्थान सरकारनं परकीयांविषयीचा कायदा केला. त्या सालचा तो तिसरा कायदा. जो राणीचा जन्मजात प्रजाजन नाही आणि ब्रिटिश हिंदुस्थानातलाही नाही, तो परका. अशा परक्याला देशाबाहेर जाण्याचा हुकूम करण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

या व्याख्येची मोजपट्टी आपल्या डोंगरावरच्या माणसांना लावून पाहू. समजा, दोन कैदी एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी खडी फोडत होते. एकाचा जन्म पेनांगचा, म्हणजे कंपनीच्या मुलखातला. दुसऱ्याचा जन्म चीन देशातला, आणि तो पोटासाठी पेनांगला आलेला. दोघांची भाषा एक, बिल्ला सारखा, शिक्षा सारखी. तरी कायद्याच्या हिशेबी पहिला आपला आणि दुसरा परका! बरं, हा दुसरा माणूस इथं चोरून आला नव्हता. त्याला सरकारनंच जहाजात घालून आणलं होतं. त्याच्याकडे परवाना नव्हता, कारण परवाना मागण्याची वेळच त्याच्यावर आली नव्हती. मग तो कायदेशीर की बेकायदा? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि आजच्या अभ्यासकांना त्याचं मोल वाटतं ते त्यामुळेच. बेकायदेशीरपणा हा नेहमी माणसाच्या चालीत असतोच असं नाही. माणूस आहे तिथंच राहतो आणि त्याच्या खालून कायद्याची रेघ सरकते, असंही घडतं.

सुटलेल्या कैद्यांचं पुढे काय झालं हे आणखी एका डोंगरावर जास्त स्पष्ट दिसतं. दक्षिणेत निलगिरीवर सरकारनं सिंकोनाची लागवड केली होती. हिवतापावरची क्विनाइन त्या झाडाच्या सालीपासून निघते. तिथल्या नडुवट्टमच्या कामावरही स्ट्रेट्समधले चिनी कैदी आणले होते. सुटल्यावर त्यांतले काही जण जवळपास राहिले, त्यांनी तमिळ बायकांशी संसार थाटले आणि भाजीपाला व दूधदुभत्यावर गुजराण केली. मद्रासच्या संग्रहालयाचा प्रमुख एडगर थर्स्टन यानं या कुटुंबांची माहिती छापली. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दक्षिणेतल्या जातीजमातींवरच्या मोठ्या ग्रंथातही ती आहे. पण थर्स्टननं केलं काय? त्यानं माणसांची डोकी मोजली, नाकं मोजली, कातडीचा रंग लिहून घेतला. मोजमाप अगदी काटेकोर. मात्र त्या बापानं मुलाला आपल्या जन्मगावाबद्दल काय सांगितलं, घरात कोणती भाषा बोलत, गावानं त्यांना पंगतीला घेतलं की नाही, यातलं फारच थोडं आपल्याला कळतं. अभ्यासक दारापर्यंत गेला, माणूसही भेटला, पण हातात मोजपट्टी असल्यामुळे ऐकायचं राहून गेलं.

स्थलांतराच्या शास्त्राची सुरुवातही याच सुमारास झाली. १८८५ साली सातारा जिल्ह्याचं सरकारी गॅझेटियर छापलं गेलं, आणि त्याच साली लंडनमध्ये अर्न्स्ट रॅव्हनस्टाइन या भूगोलज्ञानं स्थलांतराच्या नियमांवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. रॅव्हनस्टाइन स्वतः जर्मनीत फ्रँकफुर्टला जन्मलेला आणि इंग्लंडात येऊन राहिलेला, म्हणजे स्वतःही स्थलांतरितच. त्यानं खानेसुमारीतले जन्मस्थानाचे आकडे तपासले आणि काही नियम मांडले. बहुतेक माणसं थोड्याच अंतरावर जातात. लोकांचा एक ओघ एका दिशेनं वाहिला की उलट दिशेनंही एक लहान ओघ वाहतो. आणि जवळच्या अंतरावर स्त्रियांचं स्थलांतर पुरुषांपेक्षा जास्त असतं.

हा शेवटचा नियम ऐकून नवल वाटेल, पण आपल्या घरात डोकावून पाहा. मेढ्याची मुलगी वाईला दिली, कराडची मुलगी इस्लामपूरला दिली. तिनं गाव सोडलं, घर सोडलं, पुष्कळदा नावही बदललं. शास्त्राच्या भाषेत ती स्थलांतरितच. २०११ च्या जनगणनेत मागच्या राहत्या ठिकाणाहून हललेले लोक ४५ कोटींहून अधिक निघाले, आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटीहून थोडी जास्तच होती. त्यात लग्न हे फार मोठं कारण. तेव्हा स्थलांतर म्हणजे परदेशची जहाजं आणि सरहद्दीवरची तारेची कुंपणं एवढंच नव्हे. आपल्या सासुरवाशिणींचा इतिहासही त्यातच येतो.

रॅव्हनस्टाइननं १८८९ साली दुसरा निबंध लिहिला. जुलमी कायदे, जड कर, गुलामांचा व्यापार आणि काळ्या पाण्याची शिक्षा यांनीही माणसं हलतात हे त्यानं त्यात मान्य केलं. पण आपली स्थिती सुधारावी या इच्छेनं हलणाऱ्यांपुढे ही संख्या थोडी, असं त्याचं म्हणणं होतं. संख्येनं ते खरं असेल. परंतु 'इच्छेनं' आणि 'जबरीनं' या दोन खणांत माणसं नीट वाटता येतात का? आपल्याच भागात पाहू.

कोयना धरणाचं पाणी साठलं तेव्हा जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या कित्येक गावांना उठावं लागलं. बामणोली-तापोळ्याच्या खोऱ्यात आज जिथं नावा फिरतात, तिथं खाली जुनी शेतं आहेत. उठलेल्यांपैकी कोणी रायगडला गेलं, कोणी ठाण्याकडे, कोणी सोलापूर-सांगलीला. वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळाली, आणि आपल्या हक्काच्या जमिनीसाठी धरणग्रस्तांना २०१८ सालीसुद्धा कोयनानगरला ठिय्या मांडून बसावं लागलं. ही माणसं सरकारच्या यादीत 'प्रकल्पग्रस्त' आहेत. त्यांनी गाव इच्छेनं सोडलं असं कोण म्हणेल?

दुसरीकडे मुंबईची वाट. साताऱ्याची माणसं गिरणीत गेली, गोदीत गेली, बाजारात माथाडी झाली. त्यांना कोणी बेड्या घातल्या नव्हत्या. पण पाऊस हुकला, जमिनीचे तुकडे पडले, सावकार दारात बसला, म्हणजे ती इच्छा किती मोकळी राहते? सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातले लोक सोनंचांदी गाळण्याचं गलाईचं काम शिकून देशभर पांगले. कित्येकांनी नाव कमावलं, गावाकडे टोलेजंग घरं बांधली. त्यांच्या यशाचं कौतुक करताना त्यांना बाहेर ढकलणारा दुष्काळही लक्षात ठेवला पाहिजे.

या ओढाताणीचा मनापासून केलेला एक अभ्यास सांगतो. हेमलता दांडेकर या विदुषींनी सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावाचा १९४२ ते १९८२ असा चाळीस वर्षांचा मागोवा घेतला. १९८६ साली तो इंग्रजीत पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाला. 'पुरुष मुंबईला, बायका घरी' असा त्याच्या नावाचा अर्थ. थर्स्टनच्या आणि या अभ्यासाच्या रीतीतला फरक ध्यानात घ्या. इथं मुंबईला गेलेल्या गड्याबरोबर मागे राहून शेत सांभाळणारी बाईसुद्धा अभ्यासाचा विषय झाली. गेलेल्याचा इतिहास राहिलेल्याला वगळून लिहिता येत नाही, ही गोष्ट ज्या घरात मनीऑर्डरीची वाट पाहिली गेली त्या घराला कोणी शिकवायला नको.

आता शब्दांबद्दल थोडं. दुसऱ्या देशातून कागदपत्रांशिवाय आलेल्या माणसाला काय म्हणावं यावर जगात बराच विचार झाला आहे. ९ डिसेंबर १९७५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं एक ठराव केला. अशा कामगारांना सरकारी कागदांत 'बेकायदा' न म्हणता 'नोंद नसलेले' किंवा 'अनियमित' स्थलांतरित कामगार म्हणावं, अशी शिफारस त्यात आहे. आपल्याकडे नागरिकत्वाच्या कायद्यात २००३ च्या दुरुस्तीनं 'अवैध स्थलांतरित' याची व्याख्या केली. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा जाऊन आता २०२५ चा नवा कायदा आला आहे. देशाला सीमा असणार, सीमेला नियम असणार, आणि ते नियम पाळले जावेत असं सरकारला वाटणार, यात वावगं काही नाही. पण शिक्षकानं आणि इतिहास लिहिणारानं एक विवेक ठेवावा. कृत्य बेकायदा असू शकतं. आख्खा माणूस बेकायदा कसा असेल? 'कैदी' हा शब्द लिहून दप्तर मिटलं म्हणून डोंगरावरच्या त्या माणसाचं सारं जिणं आपल्या हातून निसटलं. 'बेकायदा' हा शब्द लिहून आपण दप्तर मिटलं तर उद्याच्या अभ्यासकाच्या हातूनही तसंच निसटेल.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. आपल्या शाळेत गावाच्या येण्याजाण्याची एक वही करा. एका बाजूला गावात आलेले, दुसऱ्या बाजूला गावातून गेलेले. वरच्या वर्गातल्या मुलांना घरोघर पाठवा. प्रश्न साधे असू द्यात : कुठून आलात, केव्हा आलात, कशामुळे आलात, बरोबर काय आणलं, मागे काय राहिलं? म्हाताऱ्या माणसांना सालं आठवत नाहीत. त्यांना खुणा द्या : १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९८२ चा गिरणी संप. त्याच्या आधी की नंतर, असं विचारलं की आठवण बरोबर जागेवर येते. सुनांना विचारायला विसरू नका. ऊस तोडायला बीडकडून येणारी टोळी, मेंढरं घेऊन उतरणारे धनगर, बांधकामावरचे परप्रांतीय मजूर, यांनाही विचारा. ती माणसं गावात चारच महिने राहत असतील, पण ते चार महिने गावाच्या इतिहासातलेच आहेत.

मात्र दोन पथ्यं पाळा. ज्याला सांगायचं नाही त्याला भरीला पाडू नका. आणि ज्याचे कागद कच्चे आहेत त्याचं नाव वहीत घालू नका, हकीकत तेवढी घाला. आपली वही ही गावाची आठवण आहे. तिच्यामुळे कोणाच्या दारात संकट उभं राहता कामा नये. आजचे चांगले संशोधकही हाच नियम पाळतात.

मुलांना सांगा की मोजणं वाईट नाही. १२० हा आकडा कोणी तरी लिहून ठेवला, म्हणून निदान ती माणसं होती एवढं तरी आपल्याला कळलं. पण आकड्याजवळ थांबू नये. मोजून झालं की वही गुडघ्यावर ठेवून समोरच्याला म्हणावं, "आता तुमचं तुम्ही सांगा." आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावं.